घोडी कुठं गेली?

खेडच्या घाटातली, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवरची, बारी (सेकंदांवर मोजलेली एका गाड्याची धाव), साडेतीन बाय पाच इंचांचा लालसर पडलेला फोटो, कडेला फेट्यातले आजोबा. 'फक्त स्कॅन करा' असं दोनदा बजावून दुकानात दिला होता. पोरानं तो 'क्लीन' केला आणि दोनशे रुपये घेतले. आजोबांचे गाल गुळगुळीत, धुरळा गायब. बैलगाड्याच्या फोटोतला धुरळा काढणं म्हणजे वारीच्या फोटोतली माणसं पुसून पाण्याचा टँकर तेवढा ठेवणं.

सातबाऱ्याच्या झेरॉक्ससाठी थांबलेले एक बाबा माझ्या खांद्यावरून वाकले.

"घोडी कुठं गेली?"

"कडेला अर्धवट काहीतरी होतं, क्रॉप केलं," पोरगा म्हणाला.

"आरं, घोडी काढली तर बैल पळत्यात कुणामागं? तुझ्या?"

बाबांचं खरं होतं. आमच्याकडच्या घाटात गाड्यावर कुणी बसत नाही. पुढं जुकाटाची जोडी, मागं धुरेची, आणि चौघांच्या पुढं स्वार घेऊन घोडी.

बाबा माझ्याकडं वळले. "किती सेकंद?"

"माहीत नाही."

"मग फोटो काढला कशाला?"

मूळ फोटो उलटला. मागं बॉलपेननं 'बारा सेकंद'. पोरानं मागची बाजू स्कॅनच केली नव्हती. त्या अक्षरांचे वळ पुढच्या आभाळात उमटले होते, ते मात्र ओरखडे समजून पुसले होते. (मागं लिहायचंच तर मऊ पेन्सिलनं, तेही कडेला.)

खरं तर हे घरी जमतं. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) एवढ्या फोटोचे २१०० बाय ३००० पिक्सेल मिळतात, पुरे होतात. टिफ (TIFF) फाइलमध्ये ठेवा, दोन्ही बाजू घ्या. चिकट पानांच्या अल्बमातून फोटो ओढू नका. दात साफ करायचा दोरा खालून हळूहळू सरकवा, अडला तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच. आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चुलत्यांना बैलाऐवजी चौकोन दिसतात आणि ते बैल कुणाचा यावर तीन दिवस भांडतात.

मे २०१४ मध्ये या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. मधल्या साडेसात वर्षांत जुन्या गाडामालकांनी असलेच फोटो पाहून दिवस काढले. त्यांतून घोडी कापायची म्हणजे...

"आन् ह्यो कोण?" बाबांचं बोट गुळगुळीत गालांवर.

"आजोबा. गाडा त्यांचाच."

बाबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "बारी सुटलीय आन् ह्यो क्यामेऱ्याकडं बघतोय. मालक नसंल."

मग त्यांच्याकडं झेरॉक्सचे दोन रुपये सुट्टे निघाले नाहीत. ते मी भरले, मालक नसलेल्या माणसाच्या नातवानं.