सगळंच काय तपासायचं?

शिल्लक तपासा. पिनकोड तपासा. ऑर्डरची स्थिती तपासा. कृपया आपला ईमेल तपासा. अहो का, त्याला ताप आलाय का?

मोबाइलची भाषा मराठी ठेवलेल्या प्रत्येकाला हे रोज दिसतं. मी कोथरूडात घरी बसून ॲपवाल्यांचा मजकूर मराठीत करून देते, त्यामुळे हे का होतं तेही माहितीये. सॉफ्टवेअरमध्ये एकदा 'चेक म्हणजे तपासणे' अशी जोडी लावून ठेवली की पुढे जिथे चेक तिथे तपासा, विषय संपला. क्लायंट खूश कारण सगळीकडे एकसारखं दिसतंय, आणि मराठीप्रेमी मंडळी खूश कारण इंग्रजी शब्द गेला. मला मात्र 'बॅलन्स चेक करा' हे 'शिल्लक तपासा'पेक्षा जास्त मराठी वाटतं, निदान माणसं तसं बोलतात तरी. शिल्लक आपण बघतो. तपासायला ऑडिटर येतो.

तपासणे म्हटलं की दोन गोष्टी त्यात आल्याच, समोर काहीतरी चुकीचं निघू शकतं आणि बघणाऱ्याला त्यातलं कळतं. डॉक्टर पेशंट तपासतात, बाई वह्या तपासतात, टीसी तिकीट तपासतो. मी पासबुक उघडते तेव्हा यातलं काहीच होत नसतं, उलट आकडा बघून मलाच धक्का बसायचा असतो.

आणि गंमत म्हणजे मराठीत शब्दांची कमी नाहीये, उलट गर्दी आहे. तपासणी, पडताळणी, छाननी, चाचणी, पाहणी, चौकशी, झडती, शहानिशा, खातरजमा, पारख. इंग्रजीतला चेक यांच्यातल्या बहुतेकांच्या जागी बसतो, पण हे एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीत दरवर्षी हेच. सगळे म्हणतात रीचेकिंगला टाकायचंय. आता बोर्डाचं मुख्यालय इथेच, शिवाजीनगरला, आणि बोर्डाच्या कागदावर रीचेकिंग असा शब्दच नाही, तिथे गुणपडताळणी आहे आणि पुनर्मूल्यांकन आहे. पडताळणीत फक्त बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, आतले गुण वरच्या पानावर नीट आलेत का एवढंच बघतात. उत्तर परत वाचून गुण द्यायचे असतील तर पुनर्मूल्यांकन, आणि त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पडताळणीचा फॉर्म भरला आणि मग 'एकही मार्क वाढला नाही, पेपर उघडला तरी का यांनी' म्हणून संतापल्या. काकू, शब्दातच आहे ना ते. शाळेत गणित सोडवल्यावर पडताळा घ्यायचो आपण, म्हणजे आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून जुळतंय का ते बघायचं. पडताळणी म्हणजे एका गोष्टीशी दुसरी लावून बघणं. जात पडताळणी समितीही तेच करते, तुमचा दावा जुन्या नोंदींशी लावून बघते.

छाननीचं काम वेगळं. छानणे म्हणजे गाळणे, त्यामुळे छाननीत काहीतरी बाहेर पडणार हे गृहीतच आहे. महापालिकेच्या निवडणुकीत उमेदवारी अर्जांची छाननी होते आणि कुणाचा तरी अर्ज बाद होतो. (त्याच्या आधी पक्षवाले उमेदवारांची 'चाचपणी' करतात. अंधारात हात फिरवून बघण्याला चाचपणे म्हणतात, म्हणजे इतका अचूक शब्द राजकारणाला दुसरा मिळाला नसता.)

आता चाचणी. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे मेट्रो सुरू झाली, त्याच्या आधी रिकाम्या गाड्या धावत होत्या ती चाचणी, आणि मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त येऊन बघून गेले ती तपासणी. चालवून बघितलं तर चाचणी, जाणकाराने निरखून बघितलं तर तपासणी. २०२० मध्ये आपण सगळे न ठरवता 'कोरोना चाचणी' म्हणायला लागलो पण 'रक्त तपासणी' मात्र तशीच राहिली, माझ्या मते कारण हेच की चाचणीतून हो किंवा नाही असं एकच उत्तर हवं असतं आणि तपासणीत काय काय निघेल ते आधी माहीत नसतं. भाषातज्ज्ञ हसतील कदाचित, पण मला हे पटतं.

सगळ्यात महाग फरक पाहणी आणि पंचनाम्याचा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात गेली, आठवत असेल सगळ्यांना. पूर कुठलाही असो, पुढारी येतात, पॅन्ट दुमडून चिखलात उभे राहतात, फोटो निघतो, बातमी येते 'पाहणी केली'. पाहणी म्हणजे पाहिलं. संपलं. पंचनामा म्हणजे काय काय गेलं ते पंचांसमोर कागदावर उतरवून सह्या घेतल्या, आणि भरपाईचं गाडं हलतं ते त्या कागदावर. ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याला हा फरक कुठल्याही शब्दकोशाशिवाय कळतो.

चौकशी आणि तपास यांचंही तसंच. स्वारगेटला एसटीच्या खिडकीवर चौकशी, आजारी माणसाची चौकशी, आणि साहेबाच्या मागे लागते तीही चौकशीच. तपास पोलिसांचा. कायद्यात तर दोन्हीच्या व्याख्याच वेगळ्या आहेत, चौकशी न्यायदंडाधिकारी किंवा न्यायालय करतं आणि पुरावे गोळा करायचं पोलिसांचं काम म्हणजे तपास, कायद्याच्या भाषेत अन्वेषण. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन नागरिक सुरक्षा संहिता आली तरी हा फरक तसाच ठेवलाय. त्यामुळे एखाद्या बातमीत एका ओळीत चौकशी आणि पुढच्या ओळीत तपास असं नुसतं शब्द परत येऊ नये म्हणून लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं.

ज्यांचं काम असतं ते लोक बरोबर शब्द धरून असतात हेही बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाइलवर पिकाची नोंद करायला लागले, त्या ॲपचं नाव ई-पीक पाहणी. कुणी पीक तपासणी केलं नाही त्याचं, कारण सातबाऱ्यातल्या बाराच्या उताऱ्याला पीक पाहणीच म्हणत आलेत.

मग घरातल्या चेकचं काय? तिथे मराठीची खरी युक्ती या कुठल्याच जड शब्दात नाही, ती 'बघ' मध्ये आहे. मीठ चाखून बघ. दुकानदाराला विचारून बघ. ड्रेस घालून बघ. कपाळाला हात लावून बघ. पैसे मोजून बघ. दार लागलंय का ओढून बघ. कसं बघायचं ते क्रियापद आधीच सांगून टाकतं, म्हणून ऐकणाऱ्याला परत विचारावं लागत नाही. 'मीठ चेक कर' म्हटलं की मुलगा डबा उघडून सांगतो, आहे. शप्पथ.

आमच्या धंद्यातले लोक म्हणतात इतका विचार करायला वेळ कुणाकडे आहे आणि लोकांना कळतं ना तेवढं बास. कळतं, नाही कशाला. पण बटणावर 'शिल्लक पाहा' लिहायला 'शिल्लक तपासा'पेक्षा जास्त वेळ लागत नाही, उलट एक अक्षर कमी लागतं, आणि बटणावर जागा नाही म्हणून आमच्यामागे लागणारे तुम्हीच असता. पिनकोडच्या शेजारी 'इथे पोचवतो का बघा', ईमेलला 'ईमेल उघडून पाहा', ओटीपीच्या जागी मात्र पडताळणीच, कारण तिथे खरंच नंबराशी नंबर जुळवतात. चेक-इनला मी हात लावत नाही, राहू दे तसंच, आणि बँकेतला चेकही कुणी धनादेश म्हणत नाही, छापतात फक्त.

चेकलिस्ट अजून अडलीये. तपाससूची मला चालत नाही, कारण तीत आपण काहीच तपासत नाही, झालेल्या कामापुढे टिक करत जातो. सध्या 'कामांची यादी' लिहून पाठवते आणि क्लायंट तिचं परत तपाससूची करून मला पाठवतो.