खुलासा: काकांच्या गॅलरीतल्या ‘अस्सल रविवर्म्यां’बद्दल

बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘दांडिया बाजारातली जुनी आर्ट गॅलरी मालक गेल्यावर बंद झाली, घरचे राजा रविवर्म्याची अस्सल तैलचित्रं परदेशी विकताहेत.’ गॅलरी माझ्या काकांची. काका गेले आणि ती बंद झाली, एवढंच त्यात खरं आहे.

ती तैलचित्रं नाहीत, ओलिओग्राफ आहेत, म्हणजे छापील चित्रं. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचली. भिंग धरून बघा: लक्ष्मीच्या गालावर कुंचल्याचा फटकारा नाही, शिळाछपाईचे बारीक ठिपके आहेत. आमच्याकडच्या लक्ष्मीच्या पदराला कुणा हौशी हातांनी जर आणि टिकल्या लावल्यात. ते चित्र काकांनी कितीही किंमत आली तरी विकलं नाही. अस्सल तैलचित्रं बघायची तर महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जा.

परदेशी विकण्याचं तर नावच नको. पुरातन वस्तू आणि मौल्यवान कलाकृतींच्या १९७२च्या कायद्यानुसार रविवर्म्याची चित्रं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. शंभरी ओलांडलेली छापील चित्रंही त्याच कायद्यात येतात.

ज्या चित्रकारांनी विक्रीसाठी चित्रं ठेवली होती, ती त्यांचीच आहेत. काकांच्या वहीत प्रत्येकाची नोंद आहे. पावती आणा, चित्र घेऊन जा. पावती हरवली असली तरी या, वही बघू.

काकांचं तेरावं व्हायच्या आतच काकूंना भाव विचारणारे फोन आले. फार वाईट वाटलं. कृपा करून तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासाही पाठवा.