वायपरचा स्विच उघडणं हा जुगाड आहे का? निपाणीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. माझ्या १९९९ च्या गाडीचा वायपर स्लोवर चालेना आणि बंद केला की काचेच्या मध्येच उभा राहायचा. मग मी स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच (वायपरची दांडी ज्याला असते तो) काढला, उघडून साफ केला आणि ते सगळं इथे लिहिलं. त्यावर काकांनी लिहिलंय: "तीस वर्षं वायरिंगचं काम करतोय. स्विच उघडणं हा जुगाड आहे आणि आत पॉलिश पेपर मारणं हा अडाणीपणा. सरळ नवा स्विच टाकायचा. असलं वाचून कोणीतरी चोर्ल्याच्या घाटात जीव गमावेल."

पॉलिश पेपरचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. स्विचच्या आत करंट जोडणारी जी धातूची पट्टी असते, तिच्यावरचा पातळ मुलामा त्याने खरवडला जातो आणि उघडी पडलेली पट्टी लवकर काळी होते. हे मला कळायला हवं होतं. लेखात आता ते वाक्य काढून कॉन्टॅक्ट क्लीनर आणि सुती कापड असं केलंय. आणखी एक चूक तुम्ही दाखवली नाहीत, ती मीच सांगतो. हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, हे लिहायचं राहून गेलं होतं. माझ्या गाडीला एअरबॅग नाही. ज्यांच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे त्यांनी हे काम घरी अजिबात करू नये, जाणकाराकडेच जावं.

पण "सरळ नवा स्विच टाका" हे मला पटत नाही. का, ते सांगतो.

मागच्या जुलैत मी ही गाडी बेळगावातल्याच एका गॅरेजला दिली होती. नाव लिहीत नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, वायपर स्लोवर टाकून बघितला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "मोटर गेली की हो सर, बदलूया." मोटर बदलली, पैसे दिले. चौथ्या दिवशी चोर्ल्याच्या वाटेने गोव्याला निघालो. जांबोटी सोडली आणि पाऊस असा कोसळायला लागला की बॉनेटचं टोक दिसेना. वायपर स्लोवर टाकला, तर रखडत रखडत अर्ध्या काचेवर येऊन थांबला. फास्टवर मात्र धडाधड चालायचा. कणकुंबीच्या अलीकडे गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन तासभर बसलो. शेजारी आई होती. ती एक शब्द बोलली नाही, नुसती काचेकडे बघत होती. त्या तासात जे वाटलं त्यामुळेच मी हा लेख लिहिला. घाटातला जीव मलाही तुमच्याइतकाच मोलाचा आहे.

आता बघा, त्या गॅरेजने न तपासता मोटर बदलली. तुम्ही सांगताय न तपासता स्विच बदल. यावेळी स्विचवर बोट ठेवलंत ते बरोबर निघालं, पण दुसऱ्याच्या गाडीत ते अर्थिंग असेल, वायपर थांबून थांबून चालवणारा रिले असेल, मोटरचा कार्बन (आत घासत करंट पोचवणारा तुकडा) असेल.

मी केलेली तपासणी मागच्या लेखात दोन ओळींत उरकली होती, ती माझी चूक. आज नीट लिहितो. इंजिन चालू ठेवलं, काच ओली केली (कोरड्या काचेवर वायपर कधीच चालवू नये) आणि मोटरच्या कपलरला, म्हणजे वायरी जोडल्या जातात त्या जोडणीला, मागून मल्टिमीटर लावला. फास्टवर १३.४ व्होल्ट. स्लोवर ९.८. इथेच निम्मं कोडं सुटलं. फ्यूज दोन्हीला एकच, बॉडीचं अर्थिंग एकच. मोटरमध्ये स्लो आणि फास्टचे कार्बन वेगळे असतात हे खरं, पण व्होल्टेज मोटरपर्यंत पोचायच्या आधीच पडत होतं. म्हणजे दोष स्लोच्या वाटेवर, स्विच ते कपलर यांच्या मध्ये. तेवढ्यातली वायर तपासली, ती ठीक निघाली. उरला स्विच.

आणि मध्येच थांबण्याचं कोडंही त्यातच होतं. आपण वायपर बंद करतो तेव्हा तो लगेच थांबत नाही, खाली जाऊन मग झोपतो. तेवढ्यापुरता करंट त्याला मोटरमधल्या पार्क स्विचकडून मिळतो. माझ्या गाडीत तो करंट कॉम्बिनेशन स्विचच्या 'बंद' जागेतून फिरून पुन्हा स्लोच्याच वायरने मोटरला जातो. ती एक सरकणारी पट्टी काळी पडली की स्लोही जातो आणि पार्किंगही जातं. तक्रारी दोन दिसतात, दोष एकच. नवी मोटर घालून काही फरक पडला नाही तो यामुळेच.

स्विच उघडला तेव्हा आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं आणि पट्टीवर काळा डाग होता. साफ केलं, कॉन्टॅक्टसाठी चालतं ते ग्रीस अगदी नखभर लावलं आणि पुन्हा मोजलं. स्लोवर १३.२. काका, मोजून काढलेला दोष आणि मोजून तपासलेली दुरुस्ती, याला मी जुगाड म्हणणार नाही. मोठा फ्यूज घालणं, फ्यूजच्या जागी तार गुंडाळणं, वायर दाताने सोलून पीळ मारून चिकटपट्टी लावणं, हा जुगाड. त्याने गाडी पेटते.

आता तुमच्या अनुभवाला खरा प्रश्न विचारतो. पट्टी जळली कशामुळे? वायपरचे हात काढून लिंकेज (मोटरची हालचाल वायपरपर्यंत नेणाऱ्या दांड्या) हाताने हलवलं तर ते कुरकुरत होतं, जड होतं. आपल्याकडचा पाऊस आणि खानापूरकडची तांबडी माती तुम्हाला मी काय सांगायची. काचेखालच्या जाळीत पानं साचतात, पाणी जायची भोकं बुजतात आणि लिंकेजचे बुश महिनोन्‌महिने चिखलात भिजतात. मग गंजतात. जड लिंकेज ओढायला मोटर जास्त करंट घेते आणि तो सगळा त्या इवल्याशा पट्टीतून जातो. ती तापते, काळी पडते. अशा गाडीत नुसता नवा स्विच टाकला तर तोही त्याच वाटेने जाणार. म्हणून मी आधी भोकं मोकळी केली, पिव्हट सोडवून ग्रीस भरलं, मग स्विचला हात लावला. (हे करताना किल्ली काढून खिशात ठेवा. लिंकेजमध्ये बोट सापडलं तर मोडतं.)

नवा स्विच मी शोधला नाही असं नाही. बेळगाव झालं, कोल्हापूर झालं. या मॉडेलचा कंपनीचा माल कुठेच नाही. एक दुसऱ्या बनावटीचा मिळाला, पण त्याची दांडी पहिल्याच दिवशी 'बंद'च्या जागी धड बसेना. तो परत केला. स्विचचं प्लास्टिक वितळलं असेल, पट्टीची स्प्रिंग मेली असेल किंवा दांडी डगडगत असेल, तर साफसफाईच्या भानगडीत पडू नये, बदलावाच. ही ओळ आता लेखात घातलीय, तुमच्यामुळे.

रिलेचं कुणीतरी खाली विचारलंय. थांबून थांबून चालणारा वेग गेला असेल आणि स्लो-फास्ट दोन्ही ठीक असतील, तर आधी रिले बघा. दोन फेऱ्यांमधला थांबायचा वेळ जुन्या गाड्यांत कपॅसिटर भरण्यावर ठरतो आणि कपॅसिटर वयाने कमजोर होतो. त्यावर वेगळं लिहीन.

काका, गॅरेजने काढलेली जुनी मोटर मी टाकून दिलेली नाही. परवा बॅटरीवर लावून बघितली तर दोन्ही वेगांवर छान फिरली. पण ती उघडून कार्बन किती उरलेत हे बघायचं धाडस मला झालं नाही, ते काम तुमच्यासारख्याच्या हाताचं. पुढच्या रविवारी मी संकेश्वरला येणार आहे. तुम्ही हो म्हणालात तर तसाच पुढे निपाणीला येतो, मोटर आणि तो स्विच दोन्ही घेऊन.