गोव्यातल्या फ्लॅटमालकांनी हक्कासाठी कसं लढावं

शिवोलीला तुमचा टू बीएचके आहे, तुम्ही राहता पुण्यात, आणि दोन-दोन रात्रींच्या पाहुण्यांवर बंदी घालायचा ठराव सोसायटीने मांडलाय. घाबरू नका. सर्वसाधारण सभेला या खेपेस स्वतः जा. सभा कुठे भरते, ते आधी वॉचमनला विचारून घ्या. तुम्ही कोण, तेही त्याला सांगावं लागेल.

सुरुवात 'अतिथी देवो भव'ने करा. देवाने आगाऊ पैसे भरावेत आणि साफसफाईचे वेगळे द्यावेत, असं तैत्तिरीय उपनिषदात कुठे नाही, पण ते कोण उघडून बघतंय? मालमत्तेच्या हक्काला मात्र 'मूलभूत' म्हणू नका. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीत ते गेलं, आणि प्रत्येक सोसायटीत एक निवृत्त वकील असतोच.

मग आवाज हळवा करून सांगा, "मी माझं घर चार लोकांत वाटून घेतो, एवढंच." चावी दाराशेजारच्या आकड्यांच्या डबीत असते आणि चादरी केअरटेकर बदलतो, हे मध्ये आणू नका. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेबद्दल तर अवाक्षर नको. तिच्यात सहापर्यंत खोल्या देता येतात, पण मालकाने त्याच घरात राहावं लागतं. एवढं कोण वाटून घेणार!

तसं वाटणीत तुम्ही कुठेच कमी नाही. एप्रिलमध्ये विहीर आटली की तुमचे आठ पाहुणे दिवसातून तीनदा अंघोळ करतात आणि टँकरचं बिल सगळ्या फ्लॅटांत सारखं वाटलं जातं. रात्री दहानंतरचं संगीत वरच्या मजल्यावरच्या आजींना फुकट. ओला-सुका एकाच पिशवीत कोंबलेला कचरा सफाईवाल्या बाईंच्या वाट्याला. भाडं तेवढं चुकून तुमच्या खात्यात जातं.

१९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी केली का, परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवता का, असे प्रश्न आले की तुमच्या फोनची रेंज गेलेली बरी.

जगाचे दाखले जपून द्या. बार्सिलोनाने २०२८ पर्यंत दहा हजारांवर पर्यटक-फ्लॅटांचे परवाने संपवायचं ठरवलंय. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांच्या आतल्या मुक्कामाला मालक घरात हवा आणि पाहुणे दोनच. अर्थात तिथे खालच्या मजल्यावर स्वतः राहून वरचा मजला देणारी साधी माणसंही या नियमात अडकली, आणि त्यांची तक्रार खरोखर ऐकण्यासारखी आहे. तुमच्या उपयोगाची आहेत ती हीच माणसं! आपल्याकडेही शोधा. वडिलोपार्जित घरातल्या दोन खोल्या देणारी, पाहुण्यांना सकाळी गरम पोई आणून देणारी एखादी साळगावची काकू मिळाली, तर तिला शिष्टमंडळात सगळ्यांत पुढे बसवा. तिची खरी अडचण तिच्या तोंडून येऊ द्या. खाली सह्या तुम्ही तीन-तीन फ्लॅटवाल्यांनी करा. हक्क मिळाला की काकूंना परतीची बस दाखवायला विसरू नका.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. सभा शनिवारी संध्याकाळी असेल, तर मुक्कामाला हॉटेल आधीच बघून ठेवा. तुमच्या फ्लॅटचं बुकिंग झालेलं असणार.