बॉनेटपुढे बघू नका

पुण्यात ज्याने गाडी चालवली त्याला जगात कुठेही चालवता येते, हा समज फक्त पुण्यातच आहे. तो सोबत घेऊन मी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर रेसिंग शिकायला गेलो. एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक. मारुतीचं इंजिन बसवून स्वस्तातल्या रेसिंग गाड्या बनवणारा हा माणूस याच गावचा, आणि २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, तोही इथलाच. ट्रॅकची लांबी २.१ किलोमीटर. एवढ्याशा रस्त्यात शिकण्यासारखं काय असणार?

पहिली परीक्षा बसण्याची. एका सीटच्या या गाडीत बसत नाहीत, आडवे होतात. मग दोन मेकॅनिक पट्टे आवळतात आणि श्वास किती घ्यायचा हे तेच ठरवतात. इंडिकेटर नाही, त्याचं मला काही वाटलं नाही. पण हॉर्नही नाही! अंगठा दिवसभर स्टिअरिंगवर काहीतरी शोधत होता.

वळणं अशी की एक संपायच्या आत दुसरं हजर. प्रशिक्षकांनी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, गाठलं.

"सर, बॉनेटपुढे काय बघता?"

"खड्डे."

"इथे खड्डे नाहीत, सर."

ते मलाही दिसत होतं, पण डोळ्यांना कोण समजावणार? नजर एपेक्सवर हवी, म्हणजे वळणाच्या आतल्या कडेच्या बिंदूवर. आणि गाडी तिथे पोचायच्या आत नजरेने पुढे निघून जायचं. जिकडे नजर, तिकडे गाडी. मी काळजीपोटी सारखा कडेला ठेवलेल्या शंकूकडे, म्हणजे ट्रॅफिक कोनकडे, बघत होतो, म्हणून तो शंकू उडाला.

ब्रेकचं शास्त्र त्याहून कडक. सगळा जोर सरळ रस्त्यावरच, मग पाय हळूहळू उचलत वळायचं. टायरची पकड पगारासारखी मोजकी: सगळी ब्रेकमध्ये उडवली तर वळायला काही उरत नाही, आणि गाडी नाकासमोर चालू लागते. नाकासमोर चालणाऱ्याचं इथे कौतुक नाही.

पण खरा छळ 'हील अँड टो'चा. उजव्या चवड्याने ब्रेक दाबून धरायचा, त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी मारायची आणि तेवढ्यात डाव्या पायाने क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. इंजिनाची गती जुळली नाही तर मागची चाकं अडकतात. आमच्या घराण्यात एका वेळी दोन कामं करणारा पाय आजवर झालेला नाही.

ट्रॅकच्या कडेला उभे असलेले मार्शल, म्हणजे देखरेख करणारी माणसं, दाखवतात ते झेंडेही पाठ करायचे होते. पिवळा म्हणजे पुढे धोका. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट द्या. पुण्यात कोणी मागितली असती तरी दिली नसती.

संध्याकाळी मात्र एक वळण जमलं. ब्रेक, नजर, टिचकी, सगळं जागच्या जागी. कडेला मार्शल उभा राहून जोरजोरात हात हलवत होता. मीही अभिमानाने हात हलवला. त्याच्या हातात निळा झेंडा होता.