राग आला की तोंड तापतं, मग बोटं गार कशी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ताण आला की बोटं गार पडतात, शांत झालं की तापतात, आणि हे बोटाला थर्मामीटर लावून, दीर्घ श्वास घेऊन बघता येतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डिसेंबरात नाशिकमध्ये पहाटे सगळ्यांचेच हात गार पडतात, राग आला की तोंड उलट तापतं आणि दहा दीर्घ श्वास घेऊनही थर्मामीटर ‘लो’च दाखवत राहिला, म्हणून ‘ताणाने बोटं गार पडतात’ हे थोतांड.

थंडीचा मुद्दा अगदी बरोबर आहे. गार खोलीत शरीर ऊब राखायला बोटांचा रक्तपुरवठा आधीच आवळून धरतं. मग ताणाचा परिणाम वेगळा ओळखूच येत नाही. खोली २३ ते २५ अंश हवी. म्हणजे थंडीच्या दिवसांत दुपारी मोजा, खिडकी लावून, पंखा बंद ठेवून.

तोंडाचं गणित मात्र वेगळं. बोटांची टोकं, तळहात, तळपाय, नाकाचा शेंडा इथे धमनीतून थेट शिरेत रक्त नेणाऱ्या बारीक वाटा असतात. ताण आला की सिंपथेटिक चेतातंतू (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या नसा) नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे रसायन सोडतात, या वाटा मिटतात आणि ऊब पोचत नाही. गालांत रक्तवाहिन्या फुलवणारी यंत्रणाही असते, म्हणून गाल लाल होतात. त्याच वेळी नाकाच्या शेंड्याला हात लावा, बहुधा गार लागेल.

‘लो’ येतं कारण तापाचे बरेचसे डिजिटल थर्मामीटर ३२ अंशांच्या खाली मोजतच नाहीत, आणि बोट सहज २८ वर असू शकतं. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला, ०.१ अंशाचा फरक दाखवणारा घ्या. सेन्सर मधल्या बोटाच्या टोकाला, नखाच्या विरुद्ध बाजूला, मायक्रोपोर पट्टीने (जखमेवर लावायच्या कागदी चिकटपट्टीने) चिकटवा. पट्टी बोटाभोवती गुंडाळू नका, रक्त अडतं. आधी तासभर चहा-कॉफी नको, तंबाखू तर नकोच. निकोटीन याच वाहिन्या आवळतं. हात छातीच्या पातळीला टेकवून १५ मिनिटं बसा, मग दर मिनिटाला आकडा लिहा.

आता श्वास, कारण खरी चूक इथेच होते. छाती भरून झटक्यात श्वास ओढला की काही सेकंदांतच बोटांतला रक्तप्रवाह उतरतो. ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तसे दहा श्वास म्हणजे दहा वेळा नळ आवळणं! श्वास हलका घ्या, सोडताना जास्त वेळ द्या, मिनिटाला साधारण सहा. ‘तापलंच पाहिजे’ म्हणून जोर लावलात तर आकडा आणखी उतरू शकतो. आणि रक्त वाढल्यावरही बोट तापायला वेळ लागतो, तेव्हा लगेच निकाल लावू नका.

एक विचारतो: गारठ्यात बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर, मग लाल होतात का? तसं असेल तर हे प्रयोग बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. नसेल तर आकडे इथेच टाका, खोलीच्या तापमानासकट.