नंबर सोबत नेता येतो, मग आपला मजकूर का नाही?

अँड्रॉइडवरून आयफोनवर जावे की नाही, किंवा आयफोन सोडून पुन्हा अँड्रॉइडकडे वळावे का, असा प्रश्न नात्यातली आणि ओळखीची माणसे मला वरचेवर विचारतात, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मनातली पहिली शंका एकच असते : माझी ॲप तिकडे मिळतील ना? माझे मत असे आहे की ही शंका आता जुनी झाली. ॲप मिळतात. अडचण येते ती आपण स्वतः त्या ॲपमध्ये वर्षानुवर्षे जे लिहिले, साठवले आणि शिकवले ते सोबत नेताना, आणि ती अडचण तंत्रज्ञानाच्या मर्यादेमुळे कमी आणि कंपन्यांच्या सोयीमुळे जास्त आहे. म्हणून ही पोस्ट जितकी फोन बदलणाऱ्यांसाठी आहे, तितकीच आपल्याकडच्या कायद्यासंबंधीही आहे.

ॲपचा भाग लवकर आटोपतो. व्हॉट्सॲप, फेसबुक, नकाशे, बँकांची ॲप, डिजिलॉकर, उमंग, रेल्वेची तिकिटे, कालनिर्णय, हे सगळे दोन्हीकडे आहे. जीमेल, गुगल फोटो आणि गुगल कीप आयफोनवरही व्यवस्थित चालतात, आणि आयफोनच्या सेटिंगमध्ये गुगलचे खाते जोडून संपर्कांचा पर्याय सुरू केला की त्या खात्यातले सगळे नंबर आपोआप येतात. मात्र नंबर गुगल खात्यात आहेत, फोनमध्ये आहेत की सिमकार्डावर आहेत, हे जुना फोन हातात असतानाच पाहून घ्यावे. प्ले स्टोअरमधून पैसे देऊन घेतलेले ॲप ॲप स्टोअरमध्ये पुन्हा विकत घ्यावे लागते, आणि प्ले स्टोअरमधून सुरू केलेली मासिक वर्गणी तिथेच जाऊन बंद करावी लागते. घड्याळाचाही विचार आधी करावा, कारण ॲपल वॉच फक्त आयफोनशी जुळते आणि सॅमसंगची गॅलेक्सी वॉच ४ पासूनची घड्याळे फक्त अँड्रॉइडशी.

काही सोयी मात्र तिकडे त्याच रूपात नाहीत, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अँड्रॉइडवर परवानगी दिली तर एखादे ॲप आपले एसएमएस वाचू शकते, म्हणून बँकेच्या संदेशांवरून महिन्याचा खर्च आपोआप मांडणारी ॲप तिथे चालतात. आयफोनवर कोणत्याही ॲपला असा सरसकट प्रवेश मिळत नाही, त्यामुळे त्या जातीचे ॲप तिथे शोधत बसण्यात अर्थ नाही. रेल्वे नेमकी कुठे आहे हे इंटरनेट नसताना मोबाइल टॉवरच्या आधारे सांगण्याची अँड्रॉइडवरची सोयही याच कारणाने तिथे तशी मिळत नाही, कारण टॉवरची ती माहिती आयफोन ॲपच्या हाती देत नाही. घाटात इंटरनेट गेलेल्या गाडीत बसणाऱ्याला हा फरक जाणवतो. एकाच फोनवर एखाद्या ॲपची दुसरी प्रत चालवण्याची सोय अनेक अँड्रॉइड कंपन्या देतात, ती आयफोनमध्ये अंगभूत नाही. हे दोष आहेत असे मी म्हणणार नाही. आपले संदेश कोणत्याही ॲपला वाचता येऊ नयेत ही भूमिका मला पटते. परंतु तिची किंमत कोणती हे फोन घेण्याआधी माहीत असायला हवे.

यूपीआयबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण लोक सर्वाधिक घाबरतात ते इथे. यूपीआय खाते फोन आणि सिम या दोहोंशी बांधलेले असते, म्हणून नव्या फोनवर नोंदणी नव्याने करावी लागते, आणि त्यासाठी बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून एक एसएमएस जावा लागतो. अँड्रॉइडवर तो ॲप स्वतःच पाठवते. आयफोनवर संदेशाची चौकट उघडते आणि पाठवण्याची कळ आपल्याला दाबावी लागते. कित्येकांना तिथे काहीतरी बिघडले असे वाटते आणि ते मागे फिरतात, किंवा दोन सिम असतील तर संदेश भलत्याच नंबरवरून जातो. त्या सिमवर एसएमएस पाठवण्याइतकी शिल्लक असावी, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. नोंदणी झाल्यावर सुरुवातीच्या काळात व्यवहाराची मर्यादा कमी ठेवलेली असते, ती सुरक्षेसाठी असते आणि आपोआप वाढते. म्हणून घरभाड्याच्या किंवा हप्त्याच्या तारखेला लागून फोन बदलू नये, आणि सगळ्या बँका नव्या फोनवर सुरू झाल्याशिवाय जुना फोन पुसू नये.

आता मराठीकडे येतो, कारण या विषयावर इंग्रजीत भरपूर लिहिले जाते आणि त्यात आपल्या कळफलकाचा उल्लेख क्वचितच असतो. अँड्रॉइडवर मराठी लिहिणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग रोमन अक्षरे टंकून देवनागरी मिळवतो, काही जण बोटाने अक्षर काढतात, आणि गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिल्यापासून अनेक ज्येष्ठ मंडळी तर सगळे बोलूनच लिहितात. आयफोनवर गेल्यावर यातले काय उरते, हा माझ्या दृष्टीने कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा मोठा प्रश्न आहे. गुगलचा जीबोर्ड हा कळफलक आयफोनवर मिळतो, पण अँड्रॉइडवरच्या सगळ्या सोयी त्यात नाहीत. बाहेरून बसवलेल्या कळफलकाला आयफोन माइक थेट वापरू देत नाही, आणि पासवर्डच्या रकान्यात तर तो आपलाच कळफलक पुढे करतो. ॲपलने २०२४ मध्ये आयफोनच्या आयओएस १८ या प्रणालीसोबत मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी वर्णमालेच्या क्रमाने मांडलेला कळफलक दिला, ही चांगली गोष्ट आहे. तरीही दुकानात फोन हातात घ्याल तेव्हा ‘दुसऱ्या’, ‘ॲप’, ‘काळजी’ आणि ‘ज्ञानेश्वर’ हे चार शब्द लिहून पाहा, असे मी प्रत्येकाला सांगतो. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य आणि ‘ॲप’मधला ॲ कुठे दडलेले आहेत हे सापडले, की पुढचे पुष्कळसे सवयीने जमते. जे जमत नाही ते वेगळे आहे. जुन्या कळफलकाने वर्षानुवर्षे आपल्याकडून शिकलेले शब्द, गावांची नावे, नातेवाइकांची आडनावे, आपण नेहमी करतो ती शब्दांची जोडणी, यांतले काहीही नव्या कळफलकाला ठाऊक नसते आणि एका कंपनीच्या कळफलकातून दुसऱ्या कंपनीच्या कळफलकात ते नेण्याचा सरळ मार्ग नाही. ज्या भाषेचा शब्दसाठा कंपन्यांकडे आधीच अपुरा आहे, त्या भाषेच्या लेखकाचे यात अधिक नुकसान होते.

आणि व्हॉट्सॲप. अँड्रॉइडवर त्याची राखीव प्रत (बॅकअप) गुगलच्या साठ्यात जाते आणि आयफोनवर ॲपलच्या आयक्लाउडमध्ये, आणि एकीकडची प्रत दुसरीकडे उघडत नाही. २०२२ च्या मध्यापासून ॲपलच्या ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपमधून अँड्रॉइडवरचे संवाद आयफोनवर नेता येतात, पण त्यासाठी नंबर तोच असावा लागतो आणि आयफोन कोरा, म्हणजे नवा किंवा पूर्ण पुसलेला असावा लागतो. आमच्या शेजारच्या एक काकू महिला बचत गटाचे काम पाहतात. कोणी किती हप्ता भरला, कोणाचे कर्ज मंजूर झाले, बँकेच्या पावतीचा फोटो, बैठकीचा ठराव, हे सगळे गटाच्या व्हॉट्सॲपवर आहे. वहीत नोंदी असतात, पण वाद निघाला की सगळ्या जणी त्या संवादातच मागे जाऊन पाहतात. मुलाने त्यांना आयफोन दिला, दुकानात तो कोणीतरी झटपट सुरू करून दिला, आणि जुने संवाद आणायचे तर ते याच वेळी, हे त्यांना कोणी सांगितले नाही. काही दिवसांनी गट उघडला तर मागचे सारे कोरे. जुना फोन सुदैवाने घरातच होता, त्यामुळे नव्या फोनवरचे फोटो बाजूला काढून, तो पूर्ण पुसून, सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले आणि नोंदी परत आल्या. जुना फोन बदल्यात दिला असता तर त्या गेल्याच होत्या. बायकांच्या घामाच्या पैशांचा तो हिशेब आहे, आणि तो कंपन्यांच्या एका अटीवर अवलंबून राहतो, हे मला अजिबात मान्य नाही.

संवाद फाइलमध्ये काढून ठेवण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे, पण तिला संदेशांच्या संख्येची मर्यादा आहे, आणि काढलेली फाइल व्हॉट्सॲपमध्ये पुन्हा घालता येत नाही. गंमत अशी की टेलिग्रामने जानेवारी २०२१ पासून व्हॉट्सॲपची हीच फाइल आपल्याकडे घेण्याची सोय दिलेली आहे. म्हणजे काम अशक्य नाही. उलट दिशेने, आयफोनवरून अँड्रॉइडवर, संवाद नेण्याची सोय २०२१ मध्ये आधी सॅमसंगच्या फोनसाठी आली, आणि तीही दोन फोन केबलने जोडून. आयफोन सोडणाऱ्यांनी आणखी एक काम विसरू नये : सिम काढण्याआधी फोनवरचे आयमेसेज, म्हणजे आयफोनवाल्यांच्या आपसातल्या संदेशांची ॲपलची सेवा, बंद करावे, नाहीतर इतर आयफोनवाल्यांनी पाठवलेले संदेश आपल्यापर्यंत न पोहोचता हरवू शकतात. ही तक्रार इतकी वाढली होती की नंबर आयमेसेजमधून काढण्यासाठी ॲपलला २०१४ मध्ये वेगळे वेबपान सुरू करावे लागले.

हे अडथळे सहज राहून गेलेले आहेत असे मानायला मी तयार नाही. एपिक गेम्स या मोबाइल खेळ बनवणाऱ्या कंपनीने ॲपलवर अमेरिकेत भरलेल्या खटल्यात २०२१ मध्ये कंपनीच्या आतले ईमेल उघड झाले. अँड्रॉइडवर आयमेसेज दिले तर आयफोन वापरणाऱ्या कुटुंबांना मुलांसाठी अँड्रॉइड फोन घेणे सोपे होईल, या अर्थाचे एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे म्हणणे त्यांत होते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ॲपलवर जो खटला भरला, त्यातही ग्राहकाला दुसरीकडे जाणे अवघड करून ठेवल्याचा आरोप आहे. गुगल या बाबतीत थोडी उदार आहे, आपली माहिती काढून घेण्याची तिची ‘टेकआउट’ सेवा २०११ पासून चालू आहे. पण फाइलींचा ढीग मिळणे आणि तो दुसऱ्या फोनवर कामाला येणे यांत मोठे अंतर आहे, आणि सामान्य माणसाला ते स्वतः पार करता येत नाही.

आपल्या देशाने हे अंतर दोनदा मिटवून दाखवले आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली, आणि जुलै २०१५ पासून राज्य बदलले तरी नंबर तोच ठेवता येतो. कंपन्यांना ते आवडले म्हणून झाले नाही, नियामकाने ते बंधनकारक केले म्हणून झाले. यूपीआयने २०१६ पासून दुसरे उदाहरण घातले : भाजीवाल्याचा क्यूआर कोणत्याही कंपनीचा असो, माझे ॲप कोणतेही असो, पैसे पोहोचतात. मग माझ्या संदेशांना, माझ्या नोंदींना, माझ्या कळफलकाच्या शब्दांना हाच न्याय का नसावा?

हा विचार आपल्याकडे मांडला गेलेला होता. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ मध्ये दिलेल्या विधेयकाच्या मसुद्यात आपली माहिती एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही तो होता. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने जो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर केला, त्यात माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसण्याचा, तक्रार करण्याचा आणि आपल्या पश्चात कोणी हे हक्क वापरावेत ते नेमण्याचा हक्क राहिला. नेण्याचा हक्क मात्र गळला. पुसता येते पण नेता येत नाही, हे अर्धवट स्वामित्व आहे. युरोपीय संघात मोठ्या कंपन्यांवर डिजिटल बाजारांच्या कायद्याने मार्च २०२४ पासून माहिती नेऊ देण्याची जबाबदारी आली. त्याच महिन्यात आपल्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या समितीने डिजिटल स्पर्धेच्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, आणि त्यात वापरकर्त्याला माहिती सहज नेता यावी असे कलम आहे. हे लिहीपर्यंत त्याचा कायदा झालेला नाही.

तो जेव्हा होईल तेव्हा त्या कलमात ‘सहज’ म्हणजे काय, हे नियमांमध्ये बारकाईने लिहिले जावे असा माझा आग्रह आहे. संवाद नेण्यासाठी फोन कोरा असण्याची अट नसावी. दोन्ही दिशांना सोय सारखीच असावी. फोटो, आवाजी संदेश आणि कागदपत्रे त्यांच्या तारखांसह आणि मूळ दर्जात जावीत, आणि कळफलकाने शिकलेले शब्द देवनागरी मजकूर म्हणून साध्या फाइलमध्ये काढता आणि घालता यावेत. फोन विकणाऱ्या दुकानदारावरही एक लहानशी जबाबदारी टाकता येईल : जुना फोन बदल्यात घेण्याआधी ग्राहकाचा मजकूर नव्या फोनवर आला आहे हे त्याला उघडून दाखवणे. मसुद्यावर हरकती आणि सूचना पुन्हा मागवल्या गेल्या तर मी या गोष्टी मराठीतून लिहून पाठवणार आहे. तुमच्या कामात फोन बदलताना याशिवाय आणखी काय अडले, विशेषतः शेतीच्या, शाळेच्या आणि पतसंस्थांच्या ॲपबाबत, ते खाली नेमकेपणाने लिहा, म्हणजे त्या सूचनांमध्ये त्याचाही समावेश करता येईल.